भाऊजींचा हात आणि नलूची बादली

तुमचे छोटे आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, तापलेल्या तव्यावरची पोळी बोटांनी उलटायचे. आणि उलटताना पोळीकडे न बघता समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. समोरचा "बाप रे" म्हणेपर्यंत पोळी तव्यावरच राहायची. त्यामुळे त्यांच्या घरी पाहुणे आले की निम्म्या पोळ्या करपलेल्या असायच्या. मी त्यांना तोंडावर भाऊजी म्हणत असे आणि मनातल्या मनात थर्मामीटर. आता ते नाहीत, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इथे जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात भट्टीवर काढली. लोखंडाचा रंग बघून ते किती तापलं आहे हे ते सांगत आणि ते बरोबर निघे, एवढं मला मान्य केलंच पाहिजे. गोंधळ झाला तो निवृत्तीनंतर. लोखंड सुटलं आणि पाणी हाती आलं.

"वहिनी, आठशे डिग्री नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस आहे मी. मला बादलीभर पाण्याचं काय सांगून राहिल्या?"

पाणी चाळीस अंशांवर जसं दिसतं तसंच साठ अंशांवरही दिसतं, ही अडचण मी त्यांच्या लक्षात आणून दिली. ते म्हणाले, "म्हणून तर हात आहे."

आमची महाराजपूरची घरं शेजारीशेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. थंडी सुरू झाली की त्या भिंतीपलीकडे कॉलनीतल्या लोकांची ये-जा सुरू होई. "भैया, जरा हमारा गीझर भी देख लीजिए." भाऊजी शर्टाच्या खिशात पेन ठेवावा तसा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, ठेवत. गीझरच्या खालच्या झाकणाआड पाणी किती तापवायचं ते ठरवणारी एक बारीक चकती असते. ती ते शेवटच्या टोकापर्यंत फिरवत, नळाखाली हात धरत आणि जाहीर करत, "हं, आता जरा पाण्यासारखं पाणी झालं. कोमट पाणी बीमार लोकांसाठी असते." मग महिनाभर कॉलनीतल्या प्रत्येक न्हाणीघरातून सकाळी आईगं आणि हाय राम ऐकू येई. तरी एकानंही तक्रार केली नाही. कारखान्याच्या माणसानं सेट केलेला गीझर आहे, भाजणारच, अशी सगळ्यांची समजूत होती. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर चकती पन्नासच्या पुढे नेऊ नये, असं गीझरसोबत आलेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असतं. भाऊजींची पुस्तिका जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती.

सान्वी, तू दोन वर्षांची असताना डिसेंबरात इथे आली होतीस. तुझ्या अंघोळीचं पाणी त्यांनी काढलं. आधी गरम, मग वरून थोडं गार, ही त्यांची रीत. खरं तर आधी गार घ्यावं आणि मग त्यात गरम सोडावं, म्हणजे मुलानं मध्येच हात घातला तरी भाजत नाही. हे मी शाळेत विज्ञानाच्या तासाला पोरांना शिकवत असे, घरात मात्र शिकवू शकले नाही. त्यांनी हात बुडवला, "कोमट आहे, घाला पोरीला," म्हणाले. मी माझं कोपर टेकवलं आणि तुला उचलून सरळ बाहेर नेलं. भाऊजी दुखावले.

"माझ्या तीन पोरांना याच हातानं अंघोळी घातल्या, वहिनी."

"म्हणूनच तिघंही जबलपूर सोडून पळाली," मी म्हणाले. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला फार शांत वाटलं.

हे सगळं इथवर गमतीचं होतं. मग नलूला, माझ्या जावेला, लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि बोलण्यातले दोनच शब्द उरले, "चहा" आणि "नाही". मुलांनी बाई ठेवायचं सुचवलं. भाऊजींनी ऐकलं नाही. "चाळीस वर्षं तिनं माझं केलं. आता मी करतो." तिची वेणीसुद्धा ते घालत, वाकडीतिकडी, पण रोज. याबद्दल मी त्यांची कधीच थट्टा केली नाही. पण अंघोळीची वेळ झाली की नलू "नाही, नाही" करत रडायची, आणि भाऊजी मला भिंतीवरून सांगायचे, "अंघोळीचा आळस तिला पहिल्यापासूनच आहे."

एकदा मी तिची साडी बदलायला गेले आणि कमरेवर तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. मी तडक न्हाणीघरात जाऊन, तिच्यासाठी भरून ठेवलेल्या बादलीत माझा शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवला. अठ्ठावन्न. आमच्या वयाच्या पातळ कातडीला एवढं पाणी काही सेकंदांत भाजतं. मी भाऊजींना आकडा दाखवला.

"तुमचं काचेचं काम बिघडलं असंन," ते म्हणाले.

मी चकती खाली आणली, त्यांनी वर नेली. मी पुन्हा आणली, त्यांनी पुन्हा नेली. चार दिवस हेच चाललं, आणि चारही दिवस नलू रडली. पाचव्या दिवशी मी ओसरीवर दोन बादल्या ठेवल्या, नलूची खुर्ची शेजारी ओढली आणि भाऊजींना हाक मारली.

"कारखान्यात माल तपासून पाठवत होता ना? आज हात तपासू. डोळे मिटा. यातली अंघोळीची कोणती आणि भाजणारी कोणती, सांगा."

"एवढंच ना?" त्यांनी बाह्या सरसावल्या. पहिल्या बादलीत हात घातला, दुसऱ्या बादलीत घातला, परत पहिल्या. मग परत दुसऱ्या. शेवटी म्हणाले, "दोन्ही सारख्याच आहेत. तुम्ही फसवून राहिल्या."

"डोळे उघडा."

दुसरीतून वाफ निघत होती आणि त्यांचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. तेवढ्यात नलूनं खुर्चीतून वाकून आपला चांगला, डावा हात पहिल्या बादलीत बुडवला आणि तसाच ठेवला. तिच्या डाव्या हाताला सगळं कळत होतं. भाऊजींनी साऱ्या कॉलनीचे नळ तपासले होते, पण पाणी कसं आहे हे तिला विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी थर्मामीटर आणायला धावले होते.

भाऊजी कोणाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आले. ज्याला ते भट्टीची कमाई समजत होते, ती जुन्या शुगरची कमाई निघाली. बोटांतली जाणीव कधीच गेली होती. त्यांनी गीझरची चकती पन्नासवर आणली आणि पेचकस माझ्या हातात दिला.

त्यानंतर रोज सकाळी ते बादली घेऊन नलूसमोर उभे राहत. ती डावा हात बुडवी, विचार करी आणि म्हणे, "नाही." ते गार पाणी आणत. "नाही." मग गरम. "नाही." मी एकदा हळूच थर्मामीटर घातला. पहिलीच बादली अडतीसवर होती, अगदी हवी तशी.

"अहो, ती छळतेय तुम्हाला," मी म्हणाले.

"माहीत आहे," भाऊजी अंघोळीचा मग धुता धुता म्हणाले. "करू द्या. इतकी वर्षं विचारलं कुठं होतं मी?" तीन-तीन खेपा झाल्या की नलूचा अर्धा चेहरा हसे आणि अंघोळ सुरू होई.

मागच्या हिवाळ्यात झोपेतच भाऊजी गेले. नर्मदेवर, ग्वारीघाटाला, आम्ही त्यांना पोहोचवून आलो. आता नलूला अंघोळ घालायला बाई येते. हुशार आहे, मी शिकवल्याप्रमाणे आधी गार घेते, मग गरम, कोपर लावून बघते आणि बादली नलूसमोर ठेवते. नलू हात बुडवते आणि लगेच होकाराची मान हलवते. पहिलीच बादली. रोज. थर्मामीटरही अडतीसच दाखवतो. नलूनं परत "नाही" म्हणावं म्हणून परवा मी मुद्दाम जास्त गार पाणी ठेवलं. तिनं हात बुडवला, माझ्याकडे बघितलं, आणि तशीच होकाराची मान हलवली.