अर्धे वचन

संत्र्याच्या सालीचा ओलसर, किंचित तिखट वास आणि जाड कागद कात्रीखाली सरकताना होणारा कोरडा आवाज, या दोन टाक्यांनी गेल्या डिसेंबरातील ती दुपार माझ्या स्मरणात टाचली गेली आहे. बेहाला या उपनगरातील आमच्या व्हरांड्यात हिवाळ्याचे ऊन फार वेळ थांबत नाही. समोरच्या इमारतीवरील टाकीच्या आडून ते येते, शेवंतीच्या कुंड्यांवरून संकोचाने सरकते आणि दुपारचा चहा होण्याआधीच निघूनही जाते. तेवढ्या अवधीत चटईवर बसून मी मंडळीसाठी वचनाच्या चिठ्ठ्या करीत होते. नववर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपली की आमच्या चर्चमध्ये एक वेताची परडी फिरते. तीत पवित्र शास्त्रातील एकेक वचन लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायची आणि हाती येईल ते वचन त्या वर्षापुरते आपले मानायचे. कोणी ती चिठ्ठी पाकिटात जपते, कोणी आरशाच्या चौकटीत खोचते, आणि वर्षभरात काही बरे घडले की तिच्याकडे बोट दाखवते.

हे काम माझ्याकडे आले ते माझ्या अक्षरामुळे. यजमानांच्या बँकेतील बदलीने आम्ही या शहरात आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. मंडळी सगळी बंगाली, मराठी माणसे आम्ही दोघेच. बंगाली लिपी मी साठी ओलांडल्यावर गिरवायला घेतली, त्यामुळे माझे अक्षर अजून पाटीवरच्या मुलासारखे मोठे, गोल आणि भिडस्त आहे. वृद्धांना ते चष्म्यावाचून वाचता येते, असे कोणीतरी म्हणाले, आणि ज्या बाईने आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवूनही एकाही सभेत आपणहून तोंड उघडले नव्हते, तिला त्या एका वाक्याने इतका आनंद झाला की तिने नकार दिला नाही. अक्षर मोठे आणि चिठ्ठी बोटभर रुंद. लांब वचने मावेनात. मग मी त्यांचा एखादा भाग निवडू लागले, आणि निवडताना साहजिकच मधुर तेवढा ठेवू लागले. एका संदेष्ट्याच्या मुखातले एक वचन मला विशेष प्रिय. अंधांना मी त्यांना ठाऊक नसलेल्या वाटेने नेईन आणि त्यांच्यापुढील अंधाराचा प्रकाश करीन, असा त्याचा आशय. त्यातला उत्तरार्ध तेवढा मी चिठ्ठीवर उतरवला. अनोळखी वाट आणि आंधळेपण चटईवरच्या कपट्यांत गेले.

ती चिठ्ठी शेफालीदींच्या हाती पडली.

शेफालीदी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतात. एका शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, अविवाहित, आमच्याच गल्लीच्या टोकाला पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. या परक्या शहरात माझ्या अबोलपणाला ज्यांनी गर्व मानले नाही अशा त्या पहिल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. दृष्टी कडांकडून आत आत आटत आलेली. समोरचे दिसते, पण शेजारी बसलेले माणूस दिसायला सबंध मान वळवावी लागते. नाताळच्या आधीच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की थेंब आता पुरे पडत नाहीत, शस्त्रक्रिया करावी लागेल. गेलेली दृष्टी परतणार नव्हती. उरलेली बहुधा राखता आली असती, आणि उशीर केला तर तीही जाणार होती. शस्त्रक्रियेचा दिवससुद्धा ठरला होता.

नववर्षाच्या सकाळी त्यांनी चिठ्ठी नाकासमोर धरून वाचली, आणि पुढच्याच रविवारी उभ्या राहून साक्ष दिली. प्रभूने आपल्याला थेट शब्द दिला आहे, आता आपण डॉक्टरांकडे जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचा चेहरा इतका निवळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. सगळ्यांनी आमेन म्हटले. मीही म्हटले, निदान माझे ओठ हलले.

घरी येताना यजमानांना सारे सांगितले. त्यांचा स्वभाव विनोदी आणि विनोद नेमका दुखऱ्या जागी बसणारा.

"पत्ते पिसले कुणी?" त्यांनी विचारले.

"मीच."

"मग हुकमाचा एक्का आला म्हणून तूच काय दचकतेस?" थोडे पुढे गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "वचन देवाचं, हे मला मान्य. पण अगं, कात्री आपल्या घरची होती."

ते वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरले. वर्गात मी शिकवीत असे की पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते; पण सरोवरावरून उठणाऱ्या धुक्यालाच कोणी धूर समजला, तर त्याची सारी युक्तिवादाची शिडी निर्दोष असूनही तो अग्नीपर्यंत पोहोचत नाही. मुली हे वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत बिनचूक लिहीत. परंतु प्रार्थनेत गुडघे टेकलेल्या माणसाला धूर कोणता आणि धुके कोणते हे कसे कळावे? आपल्या श्रद्धेत देव बोलतो, आणि बोलताना तो आपल्यासारख्यांचे हात, आपली भिडस्त अक्षरे, आपले तोकडे कागदही वापरतो, यावर माझा विश्वास आहे. मग या चिठ्ठीतून तो बोललाच नसेल, असे म्हणणारी मी कोण? आणि बोललाच असेल असे मानून गप्प बसणारी तरी मी कोण? शेफालीदींचा निवळलेला चेहरा डोळ्यांसमोर येई आणि वाटे, ही शांती हिरावून घेऊ नये. आणि लगेच दिसे ती पेटीवरून चाचपत जाणारी त्यांची बोटे. शस्त्रक्रियेचा दिवस जवळ येत होता. माझे मौन हे आता मौन राहिले नव्हते; ते त्यांच्या निर्णयावर रोज एक सही करीत होते.

अखेर मला एक युक्ती सुचली, आणि आज कबूल करायला हरकत नाही, ती सुचताच मला ती देवाने सुचवली असेच वाटले. मी एका लांबट कागदावर ते वचन संपूर्ण लिहिले, अंधांसकट, अनोळखी वाटेसकट. अनोळखी वाट! शस्त्रक्रियेला याहून सुंदर नाव कोणते? बाजारातून खजुराच्या नव्या गुळाचे मोये, म्हणजे लाह्यांचे मऊ लाडू, घेतले आणि दुपारी त्यांच्याकडे गेले.

गच्चीत ऊन होते. खालच्या मजल्यावर कोणीतरी कोबी फोडणीला टाकला होता. शेफालीदींनी मोया हातात घेतला, फोडून नाकाशी नेला आणि खाण्याआधीच निकाल दिला.

"कुठून आणलास? चौकातल्या दुकानातून?"

"हो."

"तरीच. यात गूळ नाही, गुळाचा वास आहे. साखरेत अत्तर घालतात मेले."

"मला तर फरक कळत नाही."

"पहिल्या घासाला कुणालाच कळत नाही, दिदिमणी. गिळून झाल्यावर बघ. खरा गूळ जिभेवर धुरकट होऊन राहतो. हा बघ, गेलासुद्धा." आणि तो गेलेला मोया त्यांनी आवडीने संपवला.

मग मी कागद पुढे केला. चिठ्ठीत वचन अर्धेच होते, ते मी कापले होते, का कापले होते, हे सारे मी एका दमात सांगितले. बंगाली मला धावत्या बोलण्यात नीट येत नाही, क्रियापदे चुकतात म्हणून नव्हे, धाडस चुकते म्हणून. त्यांनी कागद समोर धरून ओळीवरून नजर हळूहळू नेली, जणू अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत फिरवावा.

"म्हणजे मला फसवलंस," त्या म्हणाल्या, पण हसत.

"फसवलं नाही. जागा नव्हती."

"आणि आता ही अनोळखी वाट म्हणजे डॉक्टरचं टेबल. असंच ना?"

मी मोयांची पुडी पुन्हा बांधू लागले.

"बोल ना. तर्कशास्त्रवाली ना तू?" त्यांनी मान पूर्ण वळवून मला आपल्या नजरेच्या अरुंद खिडकीत आणले. "एक तारखेला तू मला नकळत चिठ्ठी दिलीस. आज ठरवून देते आहेस. तेव्हा तुला गोड वाटलं ते ठेवलंस, आज तुला हवं आहे ते जोडलंस. यात देव कुठला आणि तू कुठली, हे मी कसं ओळखायचं, सांग."

खाली कढईवर झाकण पडल्याचा आवाज झाला. कागद लांब झाला होता, कात्री मात्र अजून माझ्याच हातात होती, आणि मी ती वचनाआड लपवून आणली होती. त्या क्षणी मला लाज वाटली हे खरे, पण त्याहून अधिक एक विचित्र मोकळेपणा वाटला. जे वापरून बोलायचे ते सगळे संपल्यावर जे उरते, तेवढेच माझ्यापाशी उरले होते.

"मला ठाऊक नाही, शेफालीदी," मी म्हणाले. "देवाला काय म्हणायचं आहे ते मला खरंच ठाऊक नाही. मला भीती वाटते, एवढं ठाऊक आहे. तुम्हांला दिसेनासं होईल, आणि मी तेव्हा बोलले नाही हे मला आयुष्यभर दिसत राहील. हे वचन नाही. हे फक्त माझं आहे."

कठड्यावर एक कावळा येऊन मोयाच्या भुग्याचा अंदाज घेऊन गेला.

"माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं," त्या म्हणाल्या. "मी शाळेत होते. पट्टी काढली तेव्हा ती म्हणाली, दिवा लावा ना कुणीतरी. भर दुपार होती." कागदाची घडी करीत त्या पुढे म्हणाल्या, "चिठ्ठी वाचली आणि मला केवढा आनंद झाला. पण तो विश्वासाचा होता की सुटल्याचा, हे मी स्वतःला विचारलंच नाही. विचारायची हिंमतच नव्हती. तू आमेन म्हणालीस, सगळे म्हणाले."

"माझे नुसते ओठ हलले होते."

"दिसले नाहीत मला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

निघताना त्यांनी मला थांबवले. "वाट वगैरे राहू दे. ठरलेल्या दिवशी सोबत येशील का, तेवढं सांग."

सत्य हे मला नेहमी शिखरासारखे वाटत आले: दूर, उजळ, निष्कर्षाच्या शेवटच्या पायरीवर उभे. त्या दुपारनंतर ते मला अधिक जवळचे आणि अधिक अवघड वाटू लागले आहे. स्वर कोणता वरून आला आणि कोणता आपल्याच भयाच्या किंवा मायेच्या विहिरीतून घुमला, हे वेगळे करायला एकट्याचा कान पुरत नाही. कोणीतरी शेजारी बसून, मान वळवून, हे तुझे की त्याचे असे विचारावे लागते, आणि विचारल्यावर आपण खरे सांगावे लागते. कदाचित पवित्र आत्मा म्हणून आपण ज्याची याचना करतो, तो अशा प्रश्नाच्या रूपानेही येत असेल. 'कदाचित' म्हणते; या शब्दाशी माझी अलीकडे मैत्री झाली आहे.

शस्त्रक्रिया एका डोळ्याची झाली. दुसऱ्या डोळ्याचे नंतर ठरणार होते. रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा पट्टी तशीच होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून डॉक्टर तपासणार होते. मी टॅक्सी केली. जानेवारीतील ती सकाळ धुक्याने भरलेली, कोळशाच्या शेगड्यांचा आणि भिजल्या धुळीचा वास काचेच्या फटीतून आत येणारा. कुठे धूर संपतो आणि कुठे धुके सुरू होते, हे मला सांगता आले नसते. उड्डाणपुलावर चढताना शेफालीदींनी माझा हात शोधला. उघड्या डोळ्यानेही त्यांना काही उमगत नसावे.

"बाहेर कसं आहे?" त्यांनी विचारले.

उजाडते आहे, धुके विरते आहे, असे शब्द ओठांवर आले होते. मधुर होते, आणि अगदी मापात बसणारे होते.

"धुकं आहे," मी म्हणाले. "पुढे एक बस आहे. तिचा मागचा लाल दिवा दिसतो. त्यापुढचं काही दिसत नाही."

"बस कुठली?"

"पाटी वाचता येत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी मान मागे टेकवली. "दिवा दिसेनासा झाला तर सांग."

सांगेन, मी म्हणाले. चालक सावकाश त्या लाल ठिपक्यामागून चालवीत होता, आणि मी कधी नव्हे इतक्या लक्षपूर्वक समोर पाहत राहिले.