अण्णांची चाचणीची कॅसेट

लग्नाची जुनी कॅसेट घेऊन कुणी आलं की शूटिंगवाले अण्णा आधी विचारायचे, "ह्यातली जित्ती किती हायती?" माणूस गांगरायचा. मग म्हणायचे, "न्हाय, मेल्याली नीट दिसली पायजेत. जित्ती काय, रोजच दिसत्यात." एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तिला सुनावलं, "रडायचं घरात. कॅसेटीला दमट चालत न्हाय." कोल्हापुरात एवढं कडू तोंड घेऊनही त्यांचं दुकान चालायचं, कारण त्यांच्या हातून कुणाची कॅसेट कधी बिघडली नव्हती. मला हा माणूस आवडायचा.

एकेकाळी लग्नांचं शूटिंग करणारे अण्णा आता जुन्या कॅसेटा कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचे. प्लेअर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक डबी असते आणि ती चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. कॉम्प्युटर बदलला, ड्रायव्हर नवा टाकला, आणि तेव्हापासून माणसाचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. मला बोलावणं आलं. "डिग्री भिंतीला टांगाय घेतलीयास काय, इंजिनेर?" हे स्वागत.

दोष फक्त जुन्या, विरलेल्या टेपवर दिसत होता. मी गिऱ्हाइकाची एक कॅसेट उचलली, तर हातावर फटका बसला. गिऱ्हाइकाची कॅसेट चाचणीला लावायची नाही, हा त्यांचा नियम. कपाटातून त्यांनी स्वतःची काढली. त्यात त्यांची बायको होती, नृसिंहवाडीच्या घाटावर, "पुरं की आता, बंद करा ते" म्हणत हसणारी. ती जाऊन दहा वर्षं झाली होती आणि तिचा हलता-बोलता चेहरा त्या एकाच कॅसेटमध्ये उरला होता.

"अण्णा, टेप झिजंल."

"माझी हाय, झिजू दे. तू काम कर."

चार दिवस मी ड्रायव्हर काढत आणि घालत होतो. ओठ बघायचे म्हणून दर वेळी तिच्याच बोलण्यावर कॅसेट मागे घ्यायची. दर खेपेला कॉम्प्युटरवर उतरलेली बिघडलेली फाइल मी लगेच पुसायचो, कचरा साठू द्यायचा नाही ही माझी सवय. चित्रावर पांढरे पट्टे येऊ लागले ते मला दिसले होते. पण अण्णांपुढे मला हरायचं नव्हतं. "आणखी एकदा लावा," मी म्हणत राहिलो आणि ते लावत राहिले.

पाचव्या दिवशी ड्रायव्हरची एक जुनी आवृत्ती सापडली. ती टाकली आणि घाटावरच्या घंटेचा टोल बरोबर वाजवणाऱ्याचा हात हलला तेव्हाच पडला. पुढे ती आली. "पुरं की आता," आवाज अगदी स्वच्छ होता, पण चेहऱ्याच्या जागी नुसत्या पांढऱ्या मुंग्या.

"पैल्या दिवशीची फाइल हाय न्हवं?" अण्णांनी विचारलं. "आवाज मागं असंना, तोंड दिसत हुतं."

"पुसली," मी म्हणालो.

त्यांनी कॅसेट काढून परत कपाटात ठेवली. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाची लाव आता."

त्यानंतर मी गेलो की चहा सांगायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ओळख करून द्यायचे, "हे आमचं इंजिनेर. माझी बायकू एकदा देवानं न्हेली, उरल्याली ह्येनं पुसली." गिऱ्हाईक हसायचं. मी माफी मागितली, तर म्हणाले, "तुझ्या माफीत तिचं तोंड दिसतंय व्हय?" तरी मी जात राहिलो. न जाणं मला त्याहून जड गेलं असतं.

यंदा ते दवाखान्यात होते. मी शेवटचा भेटलो तेव्हा श्वासही पुरत नव्हता. तरी सलाइन बदलणाऱ्या नर्सला थांबवून, एकेक शब्द गोळा करत, त्यांनी माझी ओळख करून देणारं ते वाक्य पुरं केलं. पोरगी खळखळून हसली.

"खरं आहे," मी म्हणालो, तर ती आणखीच हसली.