चपलांना बंदर दाखवणारी बाई

आमच्या इमारतीत मध्यंतरी अशी बोलवा उठली की तिसऱ्या मजल्यावरच्या भोंगेताई चपला चोरतात.

आता बोलवा काही आपोआप उठत नाही. ती तळमजल्यावरच्या शिंप्यानं उठवली आणि मी तिला हाताला धरून वरच्या मजल्यापर्यंत नेऊन सोडली. पण पुरावा होता हो. एके सकाळी माझ्या दाराबाहेर उजवी चप्पल माझी आणि डावी शिंप्याची. शिंप्याच्या दारात उरलेल्या दोन. त्याचा पाय मोठा, माझा लहान. तो पहिल्याच पावलाला कळवळला. मी मात्र दिवसभर एका पायानं फटक फटक करत गावभर हिंडलो आणि संध्याकाळी आमच्या हिनं विचारलं, एक पाय वाढलाय का तुमचा, तेव्हा खाली बघितलं. मग चौकशी केली तर निम्म्या इमारतीच्या चपला सकाळी तासभर गायब असतात आणि सातच्या आत परत येतात, असं निघालं. आणि त्याच वेळी भोंगेताईंच्या घराचं दार उघडं असतं, हेही निघालं.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे खरं, पण अर्धवट गोष्ट तर मला पचतच नाही. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो.

पाहतो तर काय, गच्चीच्या मधोमध दहा जोड चपला अर्धगोलात मांडलेल्या. सगळ्यांची टोकं ताईंकडे. ताई त्या चपलांकडे बघत, हात हलवत काहीतरी समजावून सांगतायत आणि एक-एक पाऊल मागे सरकतायत. मध्येच त्यांनी बोट वर केलं. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी इमारत दादा म्हणते, ते कोपऱ्यातून उठले आणि लांब आकड्याच्या काठीनं एकेक जोडी उचलून दोन हात पुढे आणून ठेवायला लागले. दादांनी तीस वर्षं गोदीत क्रेन चालवली. त्या आवाजात कान गेले, पण हात तस्साच. एकही चप्पल तिरकी पडली नाही. सगळ्या आल्यावर ताई म्हणाल्या, "सगळे आलात ना? चला मग, पायाखाली बघून."

मला हसू आवरलं नाही आणि टाकीमागून माझं बिंग फुटलं.

म्हणजे चोरी नव्हतीच. चपला उसन्या न्यायच्या आणि सातच्या आत जागच्या जागी ठेवायच्या, असा बहीणभावाचा शिरस्ता होता. त्या एका दिवशी दादा चष्मा न लावता परत ठेवायला गेले, एवढंच. मी शिंप्याकडे जाऊन बोलवा दुरुस्त केली. पण खोटी गोष्ट तीन मजले चढायला दहा मिनिटं लागतात आणि खरी उतरायला आठवडा. चौथ्या मजल्यावर तर ती अजून पोचायची आहे.

भोंगेताई म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. बंदरावरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी एकोणतीस वर्षं भोंग्यातून बोटींच्या घोषणा केल्या. कुठली बोट कुठल्या धक्क्यावर, किती वाजता, सामान सांभाळा, घाई करू नका. प्रत्येक गोष्ट दोनदा, तसा नियमच होता. सगळ्या गावाला त्यांचा आवाज पाठ आणि चेहरा मात्र फक्त आमच्या इमारतीला माहीत. मग तिथे यंत्र आलं. यंत्रातला आवाज दूरच्या कुठल्या शहरातल्या मुलीचा, गोड, गुळगुळीत, आणि तिनं आमचं बंदर डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. ताईंना निरोपाला फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळही बोलणारं. ताईंनी पहिल्याच दिवशी त्याची जीभ उपसून ठेवली.

त्यानंतर घरात बोलायला एकटे दादा, आणि त्यांच्याशी एक वाक्य बोलायचं तर समोरच्या इमारतीतून उत्तर यायचं. सहा महिन्यांत ताई कोमेजल्या. मग त्यांनी वाचलं की जुनं बंदर पायी फिरवून दाखवायला वाटाडे हवेत, परीक्षा दिली की छातीवर लावायला बिल्ला मिळतो. ताईंनी अर्ज टाकला. दादा म्हणाले, जिथे आपण उभा जन्म काढला तिथले दगड बघायला कोण येणार? ताई म्हणाल्या, तुम्ही क्रेनवर बसून वरून पाहिलंत, मी काचेतून पाहिलं, एकदा खाली उतरून बघू तरी.

पहिल्या परीक्षेत मात्र त्या सपशेल पडल्या. दोन तासांची फेरी साडेतीन तास चालली, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा. वर शेरा मिळाला की उमेदवार लोकांकडे बघत नाही, पाठ फिरवून समुद्राशी बोलते. ताईंनी मला गच्चीवर हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. एकोणतीस वर्षं समोर काच आणि माइक, ऐकणारे सगळे दूर. आता हातभर अंतरावर माणसं उभी राहिली की जीभ टाळूला चिकटते. "म्हणून चपलांपासून सुरुवात केलीय," त्या म्हणाल्या. "हळूहळू गुडघ्यापर्यंत येईन, मग तोंडापर्यंत."

परीक्षा अजून एकदाच देता येणार होती. साठीनंतर बिल्ला देत नाहीत आणि ताईंची साठी पुढच्या महिन्यात. म्हणजे या खेपेला गेलं ते गेलं.

या परीक्षेला आठ माणसं आपली आपण आणायची होती. इमारतीतून आठ माणसं जमवायची जबाबदारी मी घेतली. चपला चोरल्याची कथा पसरवल्याचं प्रायश्चित्त म्हणा, किंवा फुकट बघायला मिळणार म्हणून म्हणा. मी, आमची ही, शिंपी, दादा आणि मजल्यामजल्यावरचे आणखी चौघे. ताईंनी सगळ्यांना एकच गोष्ट बजावली की गप्प राहायचं. मला वेगळं बोलावून पुन्हा बजावली.

दुपारी दोनला जुन्या जकात चौकीपाशी परीक्षक बाई उभ्या होत्या. उंच, सडपातळ, गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल आणि हातात घड्याळ. त्यांनी नियम वाचून दाखवले. आठ थांबे, दोन तास, गटाकडे पाठ करायची नाही, ओरडायचं नाही, एक गोष्ट एकदाच. ताईंनी मान डोलावली आणि आमच्या चपलांकडे बघून बोलायला सुरुवात केली. शिंप्याच्या चपलेशी त्यांची चांगली ओळख असावी, पहिली पाच मिनिटं सगळं तिलाच सांगितलं.

मी खरंच गप्प राहणार होतो. पण दुसऱ्या थांब्यावर ताईंनी रस्त्याकडेचा लोखंडी खांब दाखवला. त्या खांबावर पाय ठेवून मी शेकडो वेळा बुटाची नाडी बांधलीय. ती म्हणे जुनी तोफ, उभी पुरलेली, आणि तोंडात बसवलाय तो तिचाच गोळा. मी वाकून बघितलं. गोळाच की हो. मग मला राहवेना. विचारलं, तोफा पुरल्या का? ताई म्हणाल्या, फुटक्या तोफेनं लढता येत नाही, पण बोट बांधता येते. हे सांगताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

झालं, माझं वेड सुरू झालं. गोदामांच्या कपाळावर ती तुळई बाहेर का आलीय? तिला कप्पी होती, पिंपं तिथून वर जायची, जिना फक्त माणसांसाठी. कोपऱ्याच्या दगडावर या खाचा कसल्या? मला आजवर वाटायचं कुणी नक्षी करताकरता कंटाळला. त्या दोरांच्या खाचा, शंभर वर्षं ओले दोर त्याच कोपऱ्यावरून ओढलेले. आमच्या हिनं बोट घालून पाहिलं, बोट पुरतं आत गेलं.

पाचव्या थांब्यावर धक्क्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. माझं बालपण त्या पायऱ्यांवर गेलं. मी विचारलं, या एकाच बाजूनं का झिजल्यात, दुसरी बाजू तर काल घडवल्यासारखी आहे. शिंप्यानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. पण ताई आता रंगात आल्या होत्या, उलट्या पावलांनी तीन पायऱ्या उतरून थांबल्या. उतरताना पाठीवर ओझं, म्हणून हमाल भिंतीला धरून उतरायचे. चढताना रिकामे, तेव्हा कुठेही पाय टाकत पळायचे. "झिजलंय ते ओझ्यानं," ताई म्हणाल्या, "माणसानं नाही." क्रेनवाले दादा, ज्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, त्यांनी खाली बसून त्या झिजलेल्या दगडावरून हात फिरवला.

सातवा थांबा संपला तेव्हा सात मिनिटं उशीर झाला होता आणि ती सातही मिनिटं माझी होती. आमची ही कानाशी येऊन म्हणाली की ताईंचा बिल्ला गेला तर मी तुम्हाला त्या तोफेशेजारी उभं पुरेन. मी तोंडाला कुलूप घातलं.

आठवा थांबा भरती-ओहोटीचा. धक्का क्रमांक दोनच्या समोर, खाडीच्या अल्याड, भिंतीवर एक काळी रेघ आहे. याच भिंतीवर, पाण्याकडे पाठ करून, मी चाळीस वर्षं संध्याकाळच्या गप्पा मारत बसतो. ताईंनी इतकंच सांगितलं की भरतीचं पाणी इथपर्यंत येतं. तेवढ्यात भोंग्यातून ती गोड मुलगी बोलली. चार दहाची बोट धक्का क्रमांक दोनवरून सुटेल. त्या दिवसाची ती शेवटची बोट. खाडीपलीकडे दोन नंबरवर शंभरएक माणसं उभी होती, पेट्या, बोचकी, कडेवर पोरं.

मी रेघेकडे बघितलं. मग पाण्याकडे. पाणी रेघेच्या खाली माझ्या उंचीएवढं उतरलं होतं. कुलूप निखळलं. "ताई," मी म्हणालो, "पाणी एवढं खाली असताना मोठी बोट तिथे लागेल कशी?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. रेघेशेजारून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी चौथी कोरडी होती. चौथी पायरी कोरडी की दोन नंबरला नुसता चिखल, बोट चार नंबरला लागते, हे बंदरावरच्या मांजरांनाही ठाऊक. फक्त यंत्राला नाही. आणि बोट खरंच चार नंबरला उभी होती, गोदामाच्या आड, दोन नंबरच्या लोकांना न दिसणारी. तिनं सुटायची पहिली शिट्टी दिली.

ताईंनी एकदा परीक्षक बाईंच्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाठ केली, समुद्राकडे तोंड केलं आणि तो आवाज बाहेर पडला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. चार दहाची बोट धक्का क्रमांक चारवरून सुटेल. मुलांचा हात धरा, पळू नका."

आणि मग, अर्थातच, पुन्हा एकदा, शब्दाला शब्द.

खाडीवरून तो आवाज असा गेला की पलीकडे कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, कोण बोललं म्हणून. सगळी गर्दी सामान उचलून चारकडे वळली. एकोणतीस वर्षं ज्या आवाजाचं ऐकलं त्याचं ऐकायला कारण लागत नाही. आमच्याकडे दादांनी मान वळवली आणि म्हणाले, "धाकटी बोलली का काही?"

दोन नंबर रिकामा व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग ताई वळल्या. परीक्षक बाई लिहीत होत्या. त्यांनी वाचून दाखवलं की गटाकडे पाठ, आवाज चढवला, एक गोष्ट दोनदा. त्यांतले दोन दोष तर मागचेच. ताई पुन्हा शिंप्याच्या चपलांकडे बघायला लागल्या.

मग परीक्षक बाईंनी विचारलं, बोट चारवर लागणार हे तुम्हाला कशावरून कळलं? ताईंनी मान वर केली. थेट बाईंच्या डोळ्यांत बघत त्यांनी रेघ दाखवली, कोरडी पायरी दाखवली, चिखलाचा वास कुठल्या बाजूनं येतोय ते सांगितलं, आणि हे सगळं एकदाच. बाईंनी स्वतः वाकून पायऱ्या मोजल्या. नंतर कागद उलटला आणि आठव्या थांब्यापुढे खूण केली. भरती-ओहोटीसाठी बारा मिनिटं ठरली होती, समजावून झालं चार मिनिटांत, आणि तेही समोर घडवून. घड्याळात चारला एक मिनिट कमी होतं. त्या इतकंच म्हणाल्या की फेरी वेळेत संपली, निकाल टपालानं येईल.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. उत्तीर्ण, पाठ फिरवल्याबद्दल गुण कापले, पुनरुक्ती टाळावी. दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा आलं. ताईंनी दोन्ही जपून ठेवलीत.

बिल्ला लावून ताई जिन्यावरून उतरल्या तेव्हा मी मुद्दाम वाटेत उभा होतो. म्हटलं, ताई, एवढं लक्षात ठेवा, तो शेवटचा प्रश्न मी विचारला नसता तर हा बिल्ला दिसला नसता. तेव्हा श्रेय निम्मं माझं.

ताईंनी बिल्ला सरळ केला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्या रेघेकडे पाठ करून बसलात, ती त्या दिवशी दिसली तुम्हाला. तुमच्यापेक्षा तुमच्या चपला बऱ्या, पहिल्या दिवसापासून समोर तोंड करून उभ्या होत्या."