बसून दिलेली परीक्षा

त्या दिवशी नंदुरबार स्टेशनवर दादाची परीक्षा झाली आणि पुढे तिच्यामुळेच त्याला सांध्यावरून काढले.

दादा, माझा थोरला भाऊ, रेल्वेत हंगामी सांधेवाला होता; लिव्हर ओढून गाड्यांचे रूळ बदलून देई. कायम व्हायचे तर मुंबईहून आलेल्या परीक्षकाकडून लक्ष आणि मनावरचा ताबा मोजून घ्यावा लागे. टेबलावर दोन दिवे, एक बटण. पांढरा लागला की लगेच दाबायचे. तांबडा लागला की हात आवरायचा. उशीर आणि चुका परीक्षक टिपून घेई. दादाचे बरे चालले होते. मध्येच स्टेशनमास्तर आत आले आणि परीक्षकाशी बोलत राहिले. दादा खुर्चीवरून उठला. दिवे लागत गेले, विझत गेले. दादा उभाच.

घरी येऊन म्हणाला, "मास्तर मझार उनात, मी बसी ऱ्हाऊ का?"

वहिनी भाकरी थापत होती. "मंग त्या दिवालेच मुजरा कराना व्हता!"

दादा हसला. पुन्हा बोलावतील असे त्याला वाटत होते.

बोलावले नाही. लक्ष ढळते, आवेग आवरत नाही, असा शेरा आला. हा शेरा कुणावर? सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेली माणसे रुळांवर येऊन ओरडत, तरी ज्याचा हात लिव्हरवरून हलत नसे, त्याच्यावर! सांधा बसून फिरवत नाहीत. कामावर दादा उभाच असे, त्यामुळे वरिष्ठ आले म्हणून उठायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. खुर्चीत त्यांनी बसवला, आणि उठला म्हणून नापासही त्यांनीच केला.

त्याला नवापूरकडच्या जंगलात रुळांखाली खडी भरणाऱ्या टोळीवर धाडले. तिथे हिवतापाने धरले. बैलगाडीत निजवून घरी आणला आणि त्याच आठवड्यात तो गेला.

पुढे शिक्षिका होण्यासाठी शिकताना मानसशास्त्राच्या पुस्तकात मला हीच परीक्षा सापडली. चालू असताना खोलीत कुणाला येऊ देऊ नये. व्यत्यय आला तर पुन्हा घ्यावी. स्वच्छ छापलेले होते. मी पुस्तक मिटले. म्हणजे परीक्षकाला हे ठाऊक होते. दाराला कडी घालायची होती, एवढेच काम. लक्ष कुणाचे ढळले होते?

रेल्वेच्या कचेरीत विचारायला गेले तर तिथला कारकून म्हणाला, "बाई, झालं गेलं."

आता सांध्यावर दुसरा माणूस आहे. वहिनी आणि मी एका खोलीत राहतो.