चार्जिंगची बारी

मागच्या सोमवारी दिवेलागणीला आमच्या सावद्याच्या गल्लीतली लाईट पुन्हा मेली. मरायच्या आधी पंखा असा फिरत होता, की पाती मोजून घ्यावीत...

समोर लताची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या पट्ट्यावर चालतं. लाईट कमी आली की मोटर नुसती घुमते आणि तापते. याच महिन्यात एकदा जळलीसुद्धा.

ती पिठाच्या हातानंच आमच्या दारात आली. "मावशी, आता एक तं तुमच्या सुनीची गाडी चालीन, नही तं माही गिरणी."

गल्लीत बॅटरीच्या गाड्या आता सात, वर मास्तरांची मोटार. पण पहिली स्कूटर आणली माझ्या सुनेनं, वैशालीनं, म्हणून पाप आमचं. ती बारा किलोमीटरवर दवाखान्यात नर्स आहे, आणि तिकडची एसटी म्हणजे आली तर आली... गाडी गेली की नोकरी गेली. लताचं ऐकताना वैशालीची तव्यावरची पोळी करपली.

वायरमन आला, फ्यूज बांधला. म्हणाला, "आजी, हा ट्रान्सफॉर्मर, ही डीपी जुन्या काळाची. सगळे सातला घरी येतात आणि एकदमच पिना खुपसतात. बैल एक, पोती पंधरा." मोठ्या डीपीचा अर्ज गेलाय म्हणे. अर्ज जातात, डीपी येत नाही.

मला हसू आलं. माझ्या सासरी एका विहिरीवर तीन भावांच्या केळी होत्या. ज्याची बारी त्यानं पाणी धरायचं. तिघांनी एकदम पाटाचं बारं फोडलं असतं तर चिखलसुद्धा झाला नसता. एवढं शिकलेल्यांना कळू नये?

गिरणीच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं. माझं अक्षर बेताचं, तरी शटरवर खडूनं बाऱ्या लिहिल्या. सात ते नऊ फक्त लताची गिरणी. मग दोन-दोन स्कूटर. मास्तर म्हणाले, माझ्या गाडीत टायमर आहे, मध्यरात्रीनंतर लावतो. म्हटलं, मग आजवर त्याचं लोणचं घातलं होतं का?

वैशालीची बारी मी पहाटे चारला घेतली. मी तशीही उठतेच, बटण मी दाबणार. मोठ्या तोऱ्यात सांगितलं...

पहिल्याच पहाटे बटण दाबलं. अंघोळ करून आले, तर ओसरीत लाल दिवा जळताना दिसला. रिकामा दिवा जळताना दिसला की विझवायचा, ही जन्माची सवय. विझवला आणि पूजेला बसले.

साडेआठला वैशालीनं चावी फिरवली, तर गाडी ढिम्म. त्या दिवशी दवाखान्यात बाळांच्या लसी होत्या, बाया पोरं घेऊन येऊन बसणार होत्या. तो लाल दिवा चार्जरचा होता आणि मीच विझवला, हे सांगावं लागलं.

लतानं ओट्यावरून पाहिलं. पट्टा उतरवला, आपली पेट्रोलची गाडी काढली. "बस व माय मांगं. मावशी, गिरणीकडे ध्यान ठेवा, आणि कोनतंच बटन दाबू नका." एक पिठानं पांढरी आणि एक निळ्या साडीतली, दोघी गेल्या. मी दीड तास लोकांचे डबे राखत बसले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझंच शहाणपण सांगावं लागलं.

संध्याकाळी वैशाली परत आली. रागावेल वाटलं होतं. तिनं कपाळावरची टिकली काढून चार्जरच्या बटणावर चिकटवली. "आई, ही दिसली की हात मागं."

तेव्हापासून गिरणी चालते, गाडीही चालते. लता येता-जाता विचारते, "मावशी, आज काय इझवलं?"

सुनेचं तोंडावर कौतुक करायची आमच्यात रीत नाही. पण ती फेसबुक वाचते... म्हणून इथं लिहिलं.