वसुंधराबाईंचा पूर्वानुभव

दीनानाथरावांची नोकरी गेली असं कळलं तेव्हा वसुंधराबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं, की चला, आता दुपारी घरात कुणीतरी असेल. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि त्या चहा टाकायला उठल्या.

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. दीनानाथराव पुण्याहून इथल्या एका संशोधन संस्थेत आले होते ते काच फुंकायला. प्रयोगशाळेत ज्या वेटोळ्या नळ्या आणि लांब मानेचे चंबू लागतात, ते बर्नरच्या ज्योतीवर हाताने घडवायचं त्यांचं काम. शास्त्रज्ञ कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडून आणायचे आणि संध्याकाळपर्यंत ते काचेत उभं राहिलेलं असायचं. पुढे सगळं सामान बाहेरून तयार मिळायला लागलं. जुने शास्त्रज्ञ निवृत्त झाले, नवे संगणकासमोरून उठेनात. अखेर एका पुनर्रचनेत वर्कशॉपच बंद झालं. केक कापला गेला, भाषणं झाली, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी दीनानाथराव घरी बसले. सरकारी पेन्शन सुरू व्हायची पासष्टाव्या वर्षी.

वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला राहणारी त्यांची मुलगी सुखदा फोनवर म्हणाली, "बाबा, बेनिफिट घ्या ना, नोकरी नसली की सरकार देतं ते. हीप्स ऑफ पीपल घेतात."

"मी हात पसरणार नाही."

"मग मी पैसे पाठवते."

"मुलीपुढे तर त्याहून नाही."

वसुंधराबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं टॅक्स भरलात तो काय देवळाच्या पेटीत टाकलात? चला, मीही येते."

त्यांनी इस्त्रीची साडी काढली, परत ठेवली, आणि पँटवर बरा कुर्ता घातला. बेरोजगारांच्या ऑफिसात जाताना माणसाने कसं दिसावं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांच्या वाट्याला आलेल्या बाई माओरी होत्या, पन्नाशीच्या, नाव नायरी. "किया ओरा," असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करत त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगायला सुरुवात केली. नोकरी मिळेपर्यंत सरकार घर चालवायला हातभार लावणार. त्याच्या बदल्यात यांनी काम शोधायचं, अर्ज करायचे, बोलावलं की यायचं, झेपण्यासारखं काम मिळालं तर नाही म्हणायचं नाही. घरच्या परिस्थितीत काही बदललं तर कळवायचं. देशाबाहेर गेलं की मदत थांबणार. आणि जोडप्याला ही मदत दोघांची मिळून मिळते, तेव्हा काम शोधायची जबाबदारीही दोघांची.

"दोघांची म्हणजे?" दीनानाथरावांनी विचारलं. "ही कुठे काम करते? ही घरी असते."

नायरींनी खुर्ची किंचित वळवली. "ते मी त्यांनाच विचारते. वसुंधरा, तुम्ही आधी काय काम केलंय?"

वसुंधराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना या देशात कुणी विचारलाच नव्हता. नवरा काय करतो, मुलगी काय करते, हे सगळे विचारत. फार झालं तर, चकल्या इतक्या खुसखुशीत कशा होतात.

"टेलिफोन ऑपरेटर," त्या म्हणाल्या. "मिरजेला. चार वर्षं."

"अगं, ते कधीचं!" दीनानाथराव हसले.

नायरी हसल्या नाहीत. त्यांनी ते टाइप केलं.

घरी येताना बसमध्ये दीनानाथराव खिडकीबाहेर बघत होते. वसुंधराबाईंचं मन केव्हाच मिरजेला जाऊन पोचलं होतं.

वडिलांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये वसूचं नाव घातलं होतं. तिथे पैसे मिळत नसत आणि कुणी काही विचारतही नसे. नाव घालायचं, कार्ड जपायचं आणि विसरून जायचं. आई म्हणायची, "लग्नाचा कॉल आधी येईल." पण कॉल आला तो टेलिफोन खात्याचा. बदली ऑपरेटर म्हणून वसू ट्रंक बोर्डावर बसली. समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, हाताशी दोऱ्यांच्या जोड्या, कानावर हेडफोन. एका बाजूला मंदा, दुसऱ्या बाजूला सुनीता, आणि मागे फेऱ्या मारणाऱ्या सुपरवायझर विभावरीबाई. चपलांचा आवाज थांबला की समजायचं, त्या आपल्याच मागे उभ्या आहेत. "आवाज हसरा पाहिजे, मुलींनो, तोंड नव्हे," असं त्या बजावायच्या.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कोकणातून, कर्नाटकातून माणसं ऑपरेशनला यायची आणि घरी कळवायला ट्रंक कॉल लावायची. गावात कुणाला मुलगा झाला, कुणाचा पाय वाचला, हे वसूच्या कानावरून पुढे जायचं. एकदा कारवारच्या एका माणसाने अर्जंट कॉल लावला. बायकोचं ऑपरेशन झालेलं. लाइन काही केल्या लागेना. वसूने बेळगाव धरलं, तिथून हुबळी, तिथून कारवार. लागली तर आवाज मुंगीएवढा. पलीकडून म्हातारी नुसती "काय? काय?" करत राहिली. शेवटी वसूनेच मध्ये तोंड घातलं. "आजी, मी मिरजेची ऑपरेटर बोलतेय. तुमची सून सुखरूप आहे. शुद्धीवर आहे. दूध प्याली." पलीकडे म्हातारी रडायला लागली. वसूच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चपलांचा आवाज मागे येऊन थांबला. नियमाप्रमाणे मध्ये बोलायचं नसतं. विभावरीबाई वसूच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेल्या.

मग लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, बदली ऑपरेटरला बदली मिळत नाही. राजीनामा देताना फारसं काही वाटलं नाही. सगळ्या मुली तसंच करायच्या. पुढे घराघरांतून थेट फोन लागायला लागले आणि तो बोर्डही निघाला, असं मंदाने पत्रातून कळवलं.

पामर्स्टन नॉर्थच्या घरात आता दोघांच्या अर्जांची वेळ ठरलेली असे, सकाळच्या पोह्यांनंतर. दीनानाथराव चिडत. काच फुंकणारा हवा अशी जाहिरात येणार नव्हतीच. गोदामं, सुपरमार्केट, दूध कारखाना, सगळीकडे नम्र नकार. त्यांना एका कार्यशाळेचं बोलावणं आलं, नोकरी कशी शोधावी ते शिकवणारी. "मी पीएच.डी.च्या मुलांना काच शिकवली, मला आता बायोडेटा लिहायला शिकवणार?" म्हणून ते गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कळवलं गेलं. इथे माणसाच्या नावापुढे सिग्नलसारखा रंग असतो. सगळं पाळलंत तर हिरवा. दीनानाथरावांचा नारिंगी झाला होता. लगेच दुरुस्त केलं नाही तर लाल, म्हणजे मदत कमी होणार.

दीनानाथराव जेवले नाहीत. परसात जाऊन लिंबाच्या झाडापाशी उभे राहिले. वसुंधराबाई थोडा वेळ थांबल्या, मग त्यांच्यामागे गेल्या.

"आयुष्यात कधी लेट मार्क लागला नव्हता, वसू."

"माहितेय."

"हे लोक मला ओळखत नाहीत गं."

"कसे ओळखतील? तुम्ही गेलातच कुठे तिथे?" त्यांनी दीनानाथरावांच्या हातातली वाळकी फांदी काढून घेतली. "अहो, मलाही बोलावलंय त्या वर्गाला. मला एकटीला भीती वाटते. माझ्यासोबत म्हणून चला."

भीती त्यांना खरंच वाटत होती. पण तेवढंच काही खरं नव्हतं. त्यांना जायचं होतं.

वर्गात एक ट्रकवाले होते, पाठ गेलेले, आणि कापड दुकान बंद पडल्याने आलेली एक बाई. शिकवणारा म्हणाला, आता कुणीतरी समोर येऊन मालकाला फोन करतोय असं दाखवा, मी मालक होतो. सगळे बुटांकडे बघायला लागले. वसुंधराबाई उठल्या. रिकामा हात कानाशी नेला, पाठ ताठ झाली, आणि जो आवाज निघाला तो दीनानाथरावांनी कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, न घाबरलेला, शेवटचं अक्षर न खाणारा. इंग्रजी तेच, त्यांचं मोडकंतोडकं, पण आवाजाने ते उचलून धरलं होतं. ट्रकवाल्यांनी टाळी वाजवली.

"तू अशी बोलायचीस तिथे?" परतताना दीनानाथरावांनी विचारलं.

"हो."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, आणि वसुंधराबाईंनी कारवारची गोष्ट सांगितली. लग्नाला तेहतीस-चौतीस वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदा. दीनानाथराव भात कालवायचे थांबले. मग त्यांनीही त्यांच्या पहिल्या चंबूची गोष्ट सांगितली, जो थंड होताना तडकला होता आणि त्यांच्या गुरुजींनी हसून कपाटात ठेवून दिला होता.

त्याच सुमारास मंदाचा फोन आला. "वसे, आपण सगळ्या मिरजेला जमतोय. टेलिफोन एक्स्चेंजच्या मुली. विभावरीबाई येणार आहेत, नव्वदीला टेकल्यात. तू ये."

वसुंधराबाई दिवसभर घरात फिरत राहिल्या. तिकीट सुखदा काढून देणार होती, हट्टच धरून बसली होती. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की त्यांच्या वाटणीची मदत थांबणार, आणि दोन ठिकाणी अर्ज केले होते, कुठूनही बोलावणं येऊ शकलं असतं. नायरींना विचारलं तर त्या हळहळल्या, पण नियम नियम होता. वसुंधराबाईंनी मंदाला कळवलं, जमत नाही. कारण सांगितलं नाही. कामात आहे, एवढंच म्हणाल्या, आणि मग त्यांना वाटलं, यात खोटं तरी काय आहे?

मेळाव्याच्या दिवशी संध्याकाळी मंदाने व्हिडिओ लावला. चित्र सारखं अडकत होतं. कुणाचा अर्धा चेहरा, कुणाचं नुसतं कपाळ. शेवटी चित्र गेलंच, आवाज उरला. वसुंधराबाईंनी डोळे मिटून घेतले. एकेक जण "ओळख मी कोण" म्हणत होती आणि त्या एकेकीचं नाव घेत होत्या. सुनीता. आशालता. केस पांढरे झाले असतील, दात गेले असतील, आवाज कुणाचाही बदलला नव्हता. मग जरा खरखर झाली आणि कुणीतरी जुनाट, पातळ आवाजात म्हणालं, "ऑपरेटर, आवाज हसरा आहे ना?"

वसुंधराबाईंनी डोळे पुसले. दीनानाथरावांनी फोन हातात घेतला आणि ते म्हणाले, "बाई, हसतेय ती. रडतेय पण आणि हसतेय पण."

हिवाळा संपता संपता नायरींचा फोन आला. गावातल्या एका वृद्धाश्रमाला दुपारच्या वेळेला स्वयंपाकघरात आणि चहाच्या गाडीवर बाई हवी होती. "तुम्हाला हे आवडेल असं मला वाटतं, पण तुम्ही सांगा." नियमाप्रमाणे नाही म्हणता येत नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. तरी नायरींनी विचारलं, आणि वसुंधराबाईंना ते फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी त्या काळे बूट घालून निघाल्या तेव्हा दीनानाथराव फाटकापर्यंत आले. "डबा घेतलास?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्या विचारत आल्या होत्या.

आश्रमात काम कष्टाचं होतं. मोठाली भांडी, घाईच्या वेळा, सुरुवातीला कुणाचे उच्चारच कळायचे नाहीत. पण म्हातारी माणसं चहाच्या गाडीची वाट बघत. एक स्कॉटिश आजोबा साखर दोनदा मागत, कारण त्यांना वसुंधराबाईंशी दोनदा बोलायचं असे. तास वाढले तशी सरकारी मदत कमी होत गेली, आणि दीनानाथरावांना एका रोपवाटिकेत रोपं लावायचं काम मिळालं तेव्हा ती पूर्ण थांबली. काचेवर चाळीस वर्षं फिरलेले हात आता मातीत होते. सुरुवातीला ते त्याबद्दल बोलत नसत. मग एका संध्याकाळी म्हणाले, "रोप उचलताना पान धरायचं, दांडा नाही. दांडा चिरडला की गेलं. कुणी सांगितलं नाही मला, हाताला आपोआप कळलं." आणि वाढलेलं जेवण निवेपर्यंत टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलत राहिले.

वसुंधराबाईंना मात्र कधीकधी चुटपुट लागे. पोह्यांनंतर टेबलाशी दोघांनी बसायचं, एकमेकांचे अर्ज वाचून दाखवायचे, नकारांची चेष्टा करायची, ते दिवस संपले होते. वाईटच दिवस होते ते, कुणालाही येऊ नयेत. पण लग्नानंतर इतकं बोलणं त्या दोघांत त्याच दिवसांत झालं होतं. आता ते पहाटे जात, या दुपारी, आणि रात्री दोघंही दमलेले असत.

दिवाळीत त्यांनी चकल्यांचा डबा भरला आणि त्या बेनिफिटच्या ऑफिसला गेल्या. दारातल्या रखवालदाराने विचारलं, "अपॉइंटमेंट?"

"नाही. सहज आलेय. नायरींना भेटायला."

नायरी नव्हत्या. महिन्यापूर्वी व्हांगानुईला आईजवळ राहायला गेल्या, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. डबा ठेवून जा, पाठवायची सोय बघते, म्हणाली. वसुंधराबाईंनी डबा उघडला, चार चकल्या तिला काढून दिल्या, दोन रखवालदाराला. बाकावर एक बाई बसली होती, त्यांच्याच वयाची, मांडीवर पर्स घट्ट धरून, जरा जास्तच नटून आलेली. वसुंधराबाईंची कामावर जायची वेळ होत आली होती. तरी त्या तिच्या शेजारी टेकल्या आणि डबा पुढे केला.

"पहिलाच दिवस?" त्यांनी विचारलं.

बाईने मान डोलावली आणि एक चकली उचलली.