उजव्या बाजूचा पडदा

धक्क्यावर त्याला सगळे घुबडराव म्हणत, तेही तोंडावर. लाँच चालवताना त्याची मान एका जागी ठरतच नसे. घरी जेवतानाही तो मध्येच मागे वळून बघे. "भिंत चालून येतेय का अंगावर?" बायको विचारी. पण पाण्यावर कोणाच्याच बोटीला ब्रेक नसतो, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

अशा माणसाने लाँचला पडदा लावू द्यावा, याला काय म्हणायचं? प्रवासी उन्हाची कुरकुर करत, ते बायकोने मनावर घेतलं. दुखऱ्या गुडघ्यांनी मशीन चालवून तिने जुन्या चादरींचा लांबलचक पडदा शिवला आणि उजव्या बाजूला स्वतः बांधला. उजवी, म्हणजे जिकडून आलेल्या बोटीला आपण वाट द्यायची, नेमकी तीच! घुबडराव 'सोड तो' म्हणणार होता. पण तिचा फुललेला चेहरा पाहून गडी म्हणाला, "झकास झालाय गं."

दुपारच्या खेपेला बायकोही आली, कौतुक ऐकायला. लाँच गच्च भरलेली. तो पडद्याची कड उचलून उचलून बघत होता. "काका, ऊन येतंय ना," एक बाई करवादली. भिडेपोटी त्याने कड सोडली.

थोड्याच वेळात पलीकडून जड धडधड ऐकू आली. त्याने पडदा ओढला. रेतीची बार्ज! इतकी जवळ, की तिचा गंज दिसत होता. त्याने इंजिन रिव्हर्सला टाकलं. माणसं एकमेकांवर कोसळली आणि बार्ज नाकासमोरून निघून गेली. लाँचला साधा ओरखडाही नाही.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, तसे सगळे एकदम बोलू लागले. बायको मात्र त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

"नाही."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि ही एवढी माणसं बुडाली असती, तर बरं वाटलं असतं मला?"

 ती पडद्याच्या गाठी सोडू लागली, पण गाठी तिनेच घट्ट मारलेल्या, सुटेनात. तेव्हा मघाची करवादलेली बाई उठली आणि तिने गाठीला सरळ दात लावले.

पडदा खाली आला. ऊन सगळ्यांच्या तोंडावर आलं, कोणी हूं की चूं केलं नाही. उजवीकडे दूरवर नुसतं पाणी होतं. घुबडरावाला इतकं बरं वाटलं, की त्याचे डोळे भरून आले.